संघीय डेटाबेस प्रणालीची संकल्पना आणि जमिनीच्या नोंदी : एक चिकित्सा

स्वतंत्रपणे चालणारे डेटाबेस न मोडता त्यांतील माहिती एकत्रितपणे उपलब्ध करून देणारी व्यवस्था म्हणजे संघीय डेटाबेस प्रणाली होय. अमित शेठ व जेम्स लार्सन यांचा १९९० मधील शोधनिबंध या विषयातील आधारभूत लेखन मानला जातो. वितरण, विषमता आणि स्वायत्तता या तीन निकषांवर त्यांनी अशा प्रणालींची मांडणी केली. या मांडणीचे सामर्थ्य व मर्यादा अहिल्यानगर जिल्ह्यातील जमिनीच्या नोंदींच्या संदर्भात तपासणे उद्बोधक ठरते.

एकाच जमिनीची माहिती तीन विभागांकडे विखुरलेली असते. हक्क व पिकांची नोंद सातबारावर महसूल विभागाकडे, मोजणी नकाशे भूमी अभिलेख विभागाकडे, तर खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे असते. संगणकीय जाळ्यामुळे वितरणाची अडचण आज पुष्कळशी सुटली आहे. विषमता मात्र टिकून आहे. जुन्या दस्तांत एकर-गुंठे व सर्व्हे नंबर, तर आजच्या सातबारावर हेक्टर-आर व एकत्रीकरणानंतरचे गट नंबर आढळतात. २०२४ मध्ये जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव बदलल्याने जुन्या व नव्या दस्तांत जिल्ह्याचे नावही वेगळे दिसते. अशा भेदांसाठी शेठ-लार्सन यांची स्तरबद्ध रचना आजही उपयोगी आहे.

खरा प्रश्न स्वायत्ततेचा आहे. उपरोक्त निबंधात तिचे रचना, संप्रेषण, अंमलबजावणी व सहभाग असे चार प्रकार सांगितले आहेत. हे प्रकार प्रणालीच्या नियंत्रणाशी निगडित आहेत. कायद्याने दिलेल्या निर्णयाधिकाराला त्यांत स्वतंत्र स्थान नाही. खरेदीखत नोंदले गेले तरी सातबारा लगेच बदलत नाही. फेरफाराची नोंद, नोटीस, हरकतीची मुदत व मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण हे टप्पे आवश्यक असतात. या काळात दोन डेटाबेस दोन भिन्न नावे दाखवितात आणि आपापल्या नियमानुसार दोन्ही बरोबर असतात. ही तफावत दोष समजून आपोआप मिटविणारी प्रणाली वारस बहिणीचा हरकतीचा हक्कच पुसून टाकील. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार प्रमाणित नोंदही विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते. भू-आधार क्रमांक भूखंडाची ओळख पटवितो. मालकीचा वाद मिटवीत नाही.

सारांश, या क्षेत्रातील संशोधनाने केवळ एकच उत्तर देणाऱ्या प्रणालीचा आग्रह धरू नये. प्रत्येक उत्तरासोबत त्याचा स्रोत, दिनांक व कायदेशीर टप्पा सांगणारी आणि मतभेद झाकण्याऐवजी दाखविणारी प्रणाली कशी रचावी, हे आजचे मुख्य आव्हान आहे. संगणकशास्त्र व विधी या विद्याशाखांनी एकत्रितपणे हाती घ्यावा असाच हा विषय आहे.