‘इष्टतम’ कोणाला इष्ट?

साधन एक आणि त्यावर अवलंबून असलेली कामे अनेक. अशा वेळी कामांचा क्रम कसा लावावा, या प्रश्नाचा गणिती विचार विसाव्या शतकाच्या मध्यास विशेष जोमाने झाला. १९५४ साली एस. एम. जॉन्सन यांनी दोन यंत्रांवरून ओळीने जाणाऱ्या कामांचा, १९५५ साली जे. आर. जॅक्सन यांनी मुदतीने बांधलेल्या कामांचा आणि १९५६ साली डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी एकाच टप्प्यात पुऱ्या होणाऱ्या कामांचा विचार मांडला. या शास्त्राच्या मराठी विवेचनात ‘इष्टतम’ हे विशेषण वारंवार येते. त्याचा अर्थ तपासून पाहणे अगत्याचे आहे.

एका यंत्रावर तीन कामे करावयाची आहेत असे समजू. ‘क’ला ६ तास लागतात, ‘ख’ला २ आणि ‘ग’ला ४. त्यांच्या मुदती आरंभापासून अनुक्रमे ७, १२ व ११ तासांच्या आहेत. लहान काम आधी घेतल्यास ख, ग, क असा क्रम लागतो. कामे पुरी होण्याचा सरासरी काळ ६ तास ४० मिनिटे येतो. तो याहून कमी करता येत नाही. मात्र ‘क’ला ५ तास उशीर होतो. जवळची मुदत आधी घेतल्यास क, ग, ख असा क्रम लागतो. एकाही कामाला उशीर होत नाही. परंतु सरासरी ९ तास २० मिनिटांवर जाते. यंत्र दोन्ही वेळी बाराव्या तासालाच मोकळे होते. दोन्ही क्रम इष्टतम आहेत, आणि दोन्ही परस्परविरुद्ध आहेत.

हा विरोध गणितातला नव्हे, शब्दप्रयोगातला होय. ‘इष्ट’ हे ‘इष्’ म्हणजे इच्छिणे या धातूचे रूप; इच्छा म्हटली की इच्छिणारा आलाच. पाणिनीने कर्मकारकाचे लक्षण सांगताना कर्त्याला जे सर्वाधिक अभीष्ट ते कर्म असे म्हटले; लक्षणातच कर्ता बसविला. ‘इष्टतम वेळापत्रक’ या शब्दसंहतीतून नेमका तोच गळून पडतो.

गणितज्ञ आपले उद्दिष्ट आरंभीच स्पष्ट करतो, तेव्हा हा आक्षेप अस्थानी आहे, असे म्हणता येईल. ते खरे आहे. स्मिथ यांच्या निबंधाच्या शीर्षकात तर अशा निकषांचे वैविध्यच सूचित झाले आहे. परंतु व्याख्या पहिल्या पानावर राहते आणि विशेषण एकटेच निष्कर्षापर्यंत, तेथून व्यवस्थापकाच्या आज्ञेपर्यंत जाते. ज्याचे काम शेवटी पडले त्याला ‘हा क्रम इष्टतम आहे’ एवढेच ऐकू येते, आणि त्याची तक्रार अज्ञानात जमा होते.

स्मिथ यांच्या नियमात प्रत्येक कामाला भार देता येतो; काळाला भाराने भागून येणाऱ्या चढत्या क्रमाने कामे घ्यावयाची. वरील उदाहरणात ‘ख’ व ‘ग’ यांचा भार १ ठेवून ‘क’चा ६ केला, की ‘क’ शेवटून पहिल्या स्थानी येते. पण हे ६ कोणी ठरविले? भागाकार निर्दोष असूनही पंक्तिप्रपंच घडू शकतो. तो भार ठरविण्यातच होऊन गेलेला असतो.

म्हणून हे विशेषण एकटे योजू नये. ‘सरासरी काळाच्या दृष्टीने इष्टतम’, ‘कमाल विलंबाच्या दृष्टीने इष्टतम’ असे लिहिल्यास वाक्य लांबेल. परंतु शेवटी उभ्या असलेल्या माणसाला निदान वाद कशाशी घालावयाचा हे कळेल.