फोटोतली बाई कुणासाठी झुरते?



निर्वासित बायांच्या कहाण्यांवरून काढलेले कलात्मक फोटो आपण बघतो. खिडकी, अर्धा उजेड, डोक्यावरचा पदर, लांब लागलेली नजर. खाली ‘युद्ध’ आणि ‘ओढ’ हे दोन शब्द. पांढरपेशे समीक्षक हळहळतात. माझा प्रश्न साधा आहे. ही बाई कोण? तिला हाकललं कुणी?

सगळ्यात गाजलेला नमुना घ्या. स्टीव्ह मॅक्करीनं १९८४ साली पेशावरजवळच्या छावणीत एका अफगाण पोरीचा फोटो काढला. जून १९८५ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर तो आला आणि तिचे हिरवे डोळे जगभर गेले. फोटो जबरदस्त आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण नाव लिहून घ्यायचं राहिलं! २००२ मध्ये तिला शोधलं तेव्हा कळलं, ती शरबत गुला. तोवर तिनं हा फोटो बघितलाही नव्हता. आणि जगानं ज्या नजरेत युद्धाची भीती वाचली, तिच्याबद्दल तिला आठवत होता तो राग. परका माणूस फोटो काढतोय, याचा राग. सतरा-अठरा वर्षं सौंदर्यशास्त्र काय वाचत बसलं होतं?

ओढीचंही तसंच. बाई गावासाठी झुरते हे या फोटोंनी धरूनच चाललेलं असतं. तिचं खरं असेलही. आपलं काय? २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या. त्या वेळी नांदेडकडून पळून आलेली एक म्हातारी आमच्या धाराशिवच्या वस्तीत राहायची. पुढं एकदा मी विचारलं, “आजी, गावाची याद येती का?”

“गाव कुठलं रं आपलं? कोंबड्या राह्यल्या, पोराची पुस्तकं राह्यली. तेवढं आठवतंय.”

ही ओढ कुठल्या खिडकीत बसवणार? याला कुणी युद्ध म्हणत नाही, तिला निर्वासित तर नाहीच.

आमच्या जिल्ह्याला झाकपाक नवी नाही म्हणा. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर इथं मुसलमानांच्या कत्तली झाल्या. सुंदरलाल समितीनं सर्वाधिक फटका बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद धरला. सरकारनं तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला. त्या विधवांचे फोटो कोण काढणार होतं?

सुधारक ओलवे यांचे मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो मला म्हणूनच जवळचे वाटतात. तिथं माणूस दिसतो, आणि त्याला ज्यात उतरवलं ती घाणही दिसते. कारण चौकटीबाहेर ठेवलेलं नाही.

म्हातारी गेली. तिचा एकच फोटो आहे, मतदार ओळखपत्रावरचा. धुरकट, कान कापलेला. नाव बरोबर आहे. पत्ता धाराशिवचा.