तारेवरील पहारा आणि त्याच्या मर्यादा

वर्धा जिल्ह्यातील आर्वी हे कापसाच्या व्यापाराचे जुने ठिकाण असून जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने तेथे दीर्घकाळ चालत आले आहेत. अशा कारखान्यात आगीचे भय नित्याचे असते. कापसातून आलेला खिळा वा खडा यंत्रात घासला गेला, की ठिणगी उडते. ती रुईत दबून राहते आणि बऱ्याच वेळाने पेट घेते. शोधक, धोक्याचे बटण, भोंगा व पाण्याची झडप यांना नियंत्रण-पेटीशी जोडणारी तार येथे जितकी महत्त्वाची, तितकीच उपेक्षित असते.

सुरक्षा-मंडलांचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात प्रवाह सतत वाहतो व तो खंडित होताच यंत्र थांबते. तार तुटली तरी परिणाम तोच होत असल्याने दोष आपोआप उघड होतो. दुसऱ्यात प्रसंग आल्यावरच प्रवाह सोडावयाचा असतो. पाण्याचा फवारा विनाकारण सुटून गाठी भिजू नयेत म्हणून दुसरा प्रकार पत्करला जातो. तथापि येथे तुटलेली तार मूकच राहते. हे मौन मोडण्यासाठी तारेच्या दूरच्या टोकास एक रोध बसवून त्यातून अल्प प्रवाह अखंड वाहता ठेवतात. प्रवाह नाहीसा झाला तर तार तुटली, फार वाढला तर दोन तारा एकमेकींस चिकटल्या, असा अर्थ घेतला जातो. 4 ते 20 मिलिअँपिअरच्या मापन-मंडलातही हीच युक्ती आहे: 3.6 च्या खाली वा 21 च्या वर गेलेला संकेत मापन न मानता दोष मानावा, असा संकेत रूढ आहे.

ही योजना चतुर आहे यात शंका नाही. परंतु ‘तारेवर देखरेख आहे, म्हणून मंडल सुरक्षित आहे’ हे अनुमान ग्राह्य धरता येत नाही. रोध दूरच्या टोकास न बसविता सोयीसाठी पेटीतच बसविला, तर पेटी केवळ स्वतःवरच पहारा करीत राहते, आणि बाहेरची शंभर मीटर तार उंदरांनी कुरतडली तरी दर्शक हिरवाच! जमिनीपासून अलग ठेवलेल्या मंडलातही असेच घडते. तारेचा जमिनीशी झालेला पहिला स्पर्श निरुपद्रवी भासतो; दुसरा झाला की त्या दोहोंमधील स्विच निरर्थक ठरू शकतो. म्हणून पहिल्याच स्पर्शाची दखल घेणारी स्वतंत्र योजना हवी.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. देखरेख तारेचे अस्तित्व तपासते, तिचा अर्थ तपासत नाही. लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ 12 डिसेंबर 1988 रोजी 35 माणसे मेली, ती तार तुटल्याने नव्हे. काढून टाकावयाची जुनी तार उघडीच राहून आपल्या पूर्वीच्या जागी टेकली आणि सिग्नलला खोटा प्रवाह मिळाला. ते काम करणाऱ्या तंत्रज्ञास आधीच्या 13 आठवड्यांत एकच सुटी मिळाली होती, ही बाब चौकशीत नमूद झाली. ओडिशातील बहनगा बाजार येथे 2 जून 2023 रोजी झालेल्या अपघातात 290 हून अधिक प्रवासी दगावले. त्याचे मूळही सिग्नल-मंडलातील चुकीच्या फेरजोडणीत आढळले. दोन्ही ठिकाणी तार अखंडच होती. अशा चुकीस कोणताही रोध पकडू शकत नाही. ती पकडते जोडणीनंतरची टोकापासून टोकापर्यंतची चाचणी, आणि तीही काम करणाऱ्याखेरीज दुसऱ्याने केलेली.

दोष कळल्यावर काय करावयाचे, हा प्रश्नही सहसा दुर्लक्षिला जातो. आयईसी 61511 या मानकानुसार धोकादायक दोष आढळल्यास यंत्रणा सुरक्षित स्थितीत न्यावी, अथवा पर्यायी संरक्षण ठेवून ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करावी. प्रत्यक्षात दमट हवेत रोज वाजणारी दोषाची घंटा प्रथम त्रासदायक वाटते, मग बंद केली जाते, आणि शेवटी ती बंद आहे याचाही विसर पडतो. एकदा कारण लिहून ठेवण्याची शिस्त असती, तर निदान विसर तरी पडला नसता.

हंगामी कारखान्यात आणखी एक अडचण संभवते. पावसाळ्यात जिन बंद असतात. त्या काळात नियंत्रण-पेटीचाच वीजपुरवठा तोडून ठेवला, तर ओल आणि उंदीर यांचे काम सर्वाधिक चालते नेमक्या त्याच महिन्यांत पहारा झोपलेला असतो. दिवाळीच्या सुमारास पहिला कापूस येण्यापूर्वी पेटीचा हिरवा दिवा पाहून समाधान मानणे पुरेसे नाही. प्रत्येक बटण जागेवर दाबून, शेवटच्या भोंग्याचा आवाज ऐकून आणि झडप प्रत्यक्ष उघडते की नाही हे पाहूनच हंगाम सुरू करणे इष्ट होय.