डॉन बॉस्कोच्या आठवणी : साधन म्हणून कशा वाचायच्या?

माटुंग्याच्या शाळेमुळे मुंबईकरांना ‘डॉन बॉस्को’ हे नाव ओळखीचं आहे. (‘डॉन’चा आपल्या सिनेमातल्या डॉनशी काही संबंध नाही. इटलीत धर्मगुरूच्या नावाआधी लावायची ती पदवी आहे.) जोव्हानी बॉस्को 1815 ते 1888 या काळातला. तुरीन शहरात त्याने गरीब मुलांसाठी ऑरेटरी चालवली, 1859 मध्ये सेलेशियन संघ स्थापन केला आणि 1934 मध्ये तो संत म्हणून घोषित झाला. कॅथलिक युवाकार्यावर कुठलाही प्रबंध उघडा, पहिल्या प्रकरणात तो ‘आदर्श’ म्हणून हजर असतो. आणि त्या प्रकरणाचा आधार बहुतेक वेळा एकच असतो, त्याने स्वतः लिहिलेल्या ‘ऑरेटरीच्या आठवणी’.

पुस्तक सुंदर आहे, हे आधी सांगून टाकतो. नवव्या वर्षी पडलेलं स्वप्न, डोंबाऱ्याचे खेळ करून मुलं गोळा करणं, आई मार्गारिताचा करारीपणा, सगळं वाचनीय. पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी आधी तीन प्रश्न विचारायचे : कधी लिहिलं, कुणासाठी, कशासाठी?

पोप नववे पायस यांनी लिहायला सांगितल्यावरही बरीच वर्षं गेली. लेखन झालं ते साधारण 1873 ते 1875 मध्ये. हकीकत मात्र 1855 च्या सुमारास थांबते. म्हणजे वीस ते पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टी. प्रस्तावनेत लेखक उद्देशही लपवत नाही : भूतकाळातून पुढच्या अडचणींसाठी धडा मिळावा, देवाने हे कार्य कसं चालवलं ते कळावं, आणि आपल्या ‘मुलांना’ वाचून आनंद व्हावा. वर ताकीद, की हे घरातल्यांसाठी आहे, बाहेर छापू नये. शेवटी ते 1946 मध्ये छापलं गेलंच. पिएत्रो ब्राइदो या सेलेशियन अभ्यासकाने या लेखनाला भविष्यकाळाच्या आठवणी म्हटलंय. मला ते फार नेमकं वाटतं.

आता सगळ्यात गाजलेला प्रसंग घ्या. 8 डिसेंबर 1841, असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च. थंडीतून आत आलेल्या बार्तोलोमेओ गारेल्ली नावाच्या मुलाला मिस्सेत सेवा करता येत नाही, म्हणून चर्चचा सेवक त्याला मारून हाकलतो. बॉस्को म्हणतो, तो माझा मित्र आहे, परत बोलाव. मग प्रेमाने चार प्रश्न, आणि पहिला धर्मपाठ. इथून ऑरेटरी सुरू झाली, असं सांगितलं जातं.

पण 1854 मध्ये बॉस्कोनेच ऑरेटरीचा एक छोटा इतिहास लिहिला होता. त्यात सुरुवात धर्मशिक्षणाची गरज असलेल्या दोन तरुणांपासून होते. गारेल्ली नाही, मार नाही, संवाद नाही. मग प्रसंग खोटा का? नाही, असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. मला दिसतं ते वेगळं. एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला मैत्री, ही मांडणी 1877 च्या ‘प्रतिबंधक पद्धती’वरच्या त्याच्या निबंधाचीच आहे. तिथे शिक्षेवर चालणारी पद्धत एकीकडे आणि विवेक, धर्म व जिव्हाळा यांवर उभी असलेली दुसरीकडे. दोन्ही लेखनांत अंतर दोन-चार वर्षांचं. म्हणजे गारेल्लीचा प्रसंग 1841 बद्दल जेवढं सांगतो, त्याहून जास्त 1870 च्या दशकातल्या बॉस्कोबद्दल सांगतो. तेव्हा त्याला संघ टिकवायचा होता, तरुण सेलेशियनांना वागायचं कसं ते शिकवायचं होतं. संस्थापक स्वतःच स्वतःला आदर्श म्हणून घडवत होता!

लेम्वान, अमादेई आणि चेरिया यांच्या 19 खंडी चरित्राने (1898 ते 1939) या आठवणींवर आणखी थर चढवले. प्रबंधात तिथलं संभाषण अवतरणचिन्हात टाकताना हात थरथरला पाहिजे.

आणखी एक गोष्ट आदर्शाच्या चौकटीत नीट मावत नाही, म्हणून गाळली जाते. 1848 मध्ये पिडमाँटमध्ये वाल्डेन्सियन प्रोटेस्टंटांना नागरी हक्क मिळाले, आणि 1853 पासून बॉस्को ‘कॅथलिक वाचन’ या पुस्तिकांतून त्यांच्याविरुद्ध लिहीत होता. तुरीनची पोरं रस्त्यावर होती हे खरंच, पण ती कुणाच्या छपराखाली जाणार याची स्पर्धाही तेवढीच खरी होती. ‘युवासेवा’ म्हणताना ही स्पर्धा वगळली, तर एकोणिसाव्या शतकातला धर्मगुरू आजच्या एनजीओचा समन्वयक होऊन बसतो.

मग भरवसा कशावर ठेवायचा? पिएत्रो स्तेल्लाने 1980 च्या ग्रंथात हिशेबाच्या वह्या आणि नोंदवह्या काढल्या, ती वाट मला जास्त आवडते. कागद रुक्ष, पण त्यांना कुणाला प्रेरणा द्यायची नसते. फेब्रुवारी 1852 चं एका शिकाऊ सुताराचं करारपत्र बघा. स्टॅम्प पेपरवर आहे. मालकाने मुलाला सुतारकाम शिकवायचं, धंद्याबाहेरच्या कामाला जुंपायचं नाही, चूक झाली तर शब्दांनी सांगायचं, हात उगारायचा नाही. सणावाराला सुट्टी, ठरलेला पगार. खाली मालक, मुलगा, बाप आणि बॉस्को यांच्या सह्या. ‘मारायचं नाही’ हे इथे गारेल्लीच्या गोष्टीच्या वीसेक वर्षं आधी लिहिलेलं सापडतं, तेही कलम म्हणून.