‘रूट ६६’ : प्रवासाची की मुक्कामाची मालिका?

अमेरिकेच्या सी.बी.एस. वाहिनीवर १९६० ते १९६४ या काळात प्रसारित झालेल्या ‘रूट ६६’ या मालिकेस प्रवासनाट्य म्हणण्याचा प्रघात आहे. तो अपुरा वाटतो. पित्याच्या निधनानंतर टॉड स्टाइल्सच्या वाट्याला येते ती केवळ एक कॉर्व्हेट मोटार. बझ मर्डॉक तर अनाथच. मिळेल ती मजुरी करीत फिरणाऱ्या या दोघांचे नाट्य घडते ते मुक्कामी, परक्यांच्या दुःखात. स्टर्लिंग सिलिफंट यांच्या पटकथांचे बळ येथेच जाणवते. (प्रत्यक्ष त्या महामार्गावर चित्रीकरण फारच थोडे झाले, हेही सूचक!) ‘गुड नाइट, स्वीट ब्लूज’ (१९६१) या भागात एका मरणासन्न कृष्णवर्णीय गायिकेसाठी तिचे विखुरलेले साथीदार शोधले जातात, एथेल वॉटर्स यांना या भूमिकेसाठी एमी नामांकन मिळाले.

मात्र एक विसंगती नजरेआड करता येत नाही. प्रायोजक शेव्हरोले असल्याने नायक मजूरच राहतात, मोटार मात्र दर हंगामात नव्या बनावटीची होते. कथानक त्याविषयी मौन पाळते. १९६३ मध्ये बझच्या जागी व्हिएतनामहून परतलेला सैनिक लिंक केस येतो, तोही याच नव्या कोऱ्या गाडीत बसतो.