तीन बाइटांचा मजकूर

मध्य प्रदेशातल्या रामाकोन्यासारख्या गावात जुना संगणक कुणी हौस म्हणून सांभाळत नाही. तो टिकतो त्याच्या पोटातल्या एखाद्या कार्डापायी. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड घ्या. डॉसच्या इंग्रजी पडद्यावर देवनागरी उमटली ती या कार्डाच्या जोरावर, आणि ते बसतं जुन्या आयएसए स्लॉटमध्ये. आजच्या मदरबोर्डवर तो स्लॉटच नसतो. सौंसर-पांढुर्ण्याकडे कचेरी हिंदीत चालते आणि लग्नपत्रिका मराठीत छापतात. तिथल्या एखाद्या छापखान्यात असं यंत्र असेल, तर डिस्क गेली म्हणून ते भंगारात घालता येत नाही. नवी डिस्क जोडावी लागते, आणि मग कंट्रोलर कार्डाचा शोध सुरू होतो.

अडचण सगळी पत्त्यांची आहे. जुना बायॉस आयडीई डिस्कवरची जागा १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर एवढ्याच मापात सांगू शकतो. दर सेक्टरला ५१२ बाइट. गुणाकार केला की ५२८ एमबी भरतात. त्यापुढची डिस्क बायॉसच्या लेखी नाहीच. पुढे ही मर्यादा ८.४ जीबीवर गेली, मग १३७ जीबीवर. कारण २८ बिटांत २६ कोटी ८४ लाखांपलीकडे सेक्टर मोजता येत नाहीत.

ही मर्यादा ओलांडून देतो तो कंट्रोलर कार्डावरच्या रॉममधला स्वतःचा बायॉस. असं कार्ड हातात आलं की बहुतेकांची नजर कनेक्टरवर जाते. माझी रॉमच्या चिपवर जाते, आणि त्यातल्या पहिल्या तीन बाइटांसाठी मी थांबतो. संगणक सुरू झाला की बायॉस सी८००० या पत्त्यापासून दोन-दोन किलोबाइटची पावलं टाकत मेमरी चाळतो. त्याला हवे असतात दोन बाइट: ५५ आणि एए. सोळाच्या पायावरचे हे आकडे बिटांत मांडून पाहावेत. ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. एकात जिथे शून्य, तिथे दुसऱ्यात एक. म्हणजे एवढ्या दोन बाइटांत डेटाच्या आठही तारांनी शून्य आणि एक, दोन्ही वाहून दाखवले. एखादी तार अडकलेली असेल तर ही जोडी उमटणारच नाही. कार्ड आपली ओळख देतं त्याच क्षणी त्याची परीक्षाही होऊन जाते. तिसरा बाइट सांगतो मजकुराची लांबी, ५१२ बाइटांच्या हिशेबात. मग बायॉस साऱ्या बाइटांची बेरीज करतो. तिच्या शेवटच्या आठ बिटांत शून्यच यायला हवं. ते यावं म्हणून लिहिणारा कुठेतरी एक बाइट पेरून ठेवतो. त्याला स्वतःचा अर्थ नसतो, तो निव्वळ पादपूरणार्थ.

खरी कथा चौथ्या बाइटापासून. मेमरीच्या तळाशी इंटरप्टचे पत्ते नोंदलेले असतात. त्यातला तेरावा (हाही सोळाच्या पायावरचा तेरा) डिस्कचा. कार्ड तिथला जुना पत्ता उचलून जपून ठेवतं आणि त्या जागी स्वतःचा लिहितं. आता डॉसनं डिस्क वाचायला सांगितली की हाक आधी कार्डाकडे येते. काम आपल्या डिस्कचं असेल तर ते करतं, नसेल तर जपलेल्या पत्त्यावर पुढे धाडतं. १९८३ च्या आयबीएम एक्सटीमध्ये १० एमबीच्या डिस्कचं कार्ड असंच वागे: फ्लॉपीच्या जुन्या कारभाऱ्याला त्यानं इंटरप्ट चाळीसवर नेऊन बसवलं आणि तेरा स्वतःकडे घेतला. हकालपट्टी केली नाही, बदली केली! साऱ्या मजकुरातली ही मला सर्वांत देखणी जागा वाटते. रुंदीकरणाआधी रामाकोन्याची अडीच फुटी रुळांवरची गाडी नागपुरात पोचायची आणि पुढच्या प्रवाशांना तिथे गाडी बदलावी लागायची. डॉसची विनंतीही अशीच वाटेत गाडी बदलते, फक्त डॉसला त्याचा पत्ता लागत नाही.

कार्ड निवडताना खोक्यावरच्या आकड्यांना मी फारशी किंमत देत नाही. पीसीआय स्लॉट असेल तर प्रॉमिसचं अल्ट्रा १३३ चांगलं. पण सेकंदाला १३३ एमबी एवढी तर ३२ बिटांच्या साऱ्या पीसीआय बसचीच कमाल, तीही सगळ्या कार्डांत वाटलेली. ते घ्यावं ते ४८ बिटांच्या पत्त्यांसाठी. निव्वळ आयएसएचं यंत्र असेल तर माझं मत सरळ एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायॉसला. त्याचा स्रोत खुला आहे, ८०८८ पासून ३८६ पर्यंत वेगवेगळे अवतार आहेत, आणि ४८ बिटांचे पत्तेही त्याला कळतात.

गंमत अशी की त्यासाठी कंट्रोलर कार्ड विकत घ्यावंच लागेल असं नाही. बऱ्याच जुन्या आयएसए नेटवर्क कार्डांवर बूट रॉमसाठी एक रिकामं सॉकेट असतं. हा बायॉस चिपवर लिहून त्यात बसवला की यंत्रातलं आहे तेच आयडीई पोर्ट मोठी डिस्क ओळखू लागतं. नेटवर्कची केबल लावायचीही गरज नाही. डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावलं तर ॲडॉप्टर म्हणजे जवळजवळ नुसत्या तारा, कारण ते कार्ड मुळातच आयडीईची भाषा बोलतं. फक्त चिप बसवताना तिची खाच सॉकेटच्या खाचेकडे आहे ना, ते पाहावं. आणि नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये बूट रॉम सुरू करून त्याला जिस्ट कार्डाशी न भांडणारा पत्ता द्यावा.