श्रोत्याची अपेक्षा आणि नवें संगीत

युरोपांतील नवें संगीत श्रोत्याला धक्का देतें, ही तक्रार आतां जुनी झाली. आमची तक्रार निराळी आहे. धक्का पुष्कळ जण देतात. पण ज्या अपेक्षेला तो द्यावयाचा, ती आधीं श्रोत्याच्या मनांत जागी करण्याचे कष्ट थोडेच घेतात.

या दृष्टीनें आर्नोल्ड शोनबर्गचें दुसरें तंतुवाद्य-चतुष्टय पाहण्यासारखें आहे. २१ डिसेंबर १९०८ रोजीं व्हिएन्ना येथें तें प्रथम वाजविलें गेलें, तेव्हां सभागृहांत हशा आणि आरडाओरडा झाला. दोन व्हायोलिन, एक व्हिओला व एक चेलो एवढाच या प्रकाराचा परिवार. पहिला खंड एका निश्चित आधारस्वरावर उभा आहे. आपल्या कानाला षड्जाची जी ओढ असते, तीच येथें काम करते. दुसऱ्या खंडांत व्हिएन्नाच्या रस्त्यावरील 'ऑगस्टिन'चें जुनें गाणें अचानक डोकावतें. तिसऱ्यांत, चतुष्टयाचा संकेत मोडून, एक गायिका स्टेफान गेओर्गची कविता गाऊं लागते. चौथ्याच्या आरंभीं तर आधारस्वरच नाहींसा होतो. पायांखालची भूमि सरकते; पण जिच्यावर तीन खंड चाललों तीच सरकते, म्हणूनच तें जाणवतें. अखेरचा विराम मात्र मूळच्याच एफ-शार्प स्वरावर आहे. हंसणाऱ्यांना हें ऐकूं आलें असेल काय?

पुढें १९१८ सालीं शोनबर्गनें नव्या संगीतासाठीं एक खासगी मंडळ काढलें. तेथें टाळ्याहि वाजवावयाच्या नाहींत व निषेधहि करावयाचा नाहीं, टीकाकारांस मज्जाव, एकच कृति पुनःपुन्हा ऐकवावयाची. यांतील शेवटची गोष्ट आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. परंतु श्रोत्याच्या तोंडास कुलूप घालणें ही त्याची परीक्षा नव्हे; आणि ज्यानें १९०८ ची रात्र सोसली त्यानें तें घालावें, हें समजण्याजोगें असलें तरी खेदाचेंच. (टीकाकारांविषयीं आम्ही बोलूं नये हेंच बरें.)

जॉन केजची गोष्ट वेगळी. २९ ऑगस्ट १९५२ रोजीं वुडस्टॉक येथें त्याच्या कृतींत डेव्हिड ट्यूडर ४ मिनिटें ३३ सेकंद पियानोपुढें बसला आणि त्यानें एकहि स्वर वाजविला नाहीं. येथें मोडलेली अपेक्षा केजनें घडविलेली नव्हे. ती मैफलीच्या रिवाजानें आयती दिलेली. पहिल्या खेपेस आसपासचे आवाज कानीं पडतात, हा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. दुसऱ्या खेपेस आपण तयार होऊन बसतों. शोनबर्गचा चौथा खंड ध्वनिमुद्रिकेवर आम्हीं कितीदां तरी ऐकला. काय होणार हें ठाऊक असूनहि तेथें प्रत्येक वेळीं आमचा षड्ज हरवतो.